घोडी खायची, तरी वाळायची

गेल्या दिवाळीत देवपूरला घरी होते. गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे पारव्याचं पिल्लू पडलेलं दिसलं. पंख नीट फुटलेले नव्हते, मान टाकलेली. उचललं, तर त्याच्या पंखाखालून काहीतरी सटकन बाहेर आलं आणि माझ्या मनगटावरून खेकड्यासारखं तिरकं पळत थेट कोपरापर्यंत गेलं. माशी होती. पण हिला उडायची घाई नव्हती. हात झटकला, पडली नाही. चिमटीत धरून दाबली आणि सोडली, तर पुन्हा चालायला लागली. मी ओरडले असणार, कारण आबा जिन्याच्या तोंडाशी येऊन उभे राहिले.

"काय करी ऱ्हायनी माय?"

मी हात पुढे केला. शहाऐंशी वर्षांच्या माणसाला ती माशी लांबूनच ओळखू आली. "हाई ते घोडीवरनी माशी शे," ते म्हणाले. "दाबीसन मरत नही ती. नखावर घे."

पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करत असले तरी उवा मारायचं शिक्षण लहानपणी झालेलं आहे. नखावर घेतली. टचकन आवाज आला.

पण माझ्या डोक्यात राहिली ती घोडी. आमच्या घरात घोडीचा विषय निघत नाही. आबांचा टांगा होता, धुळे स्टेशनवरून देवपुरात सवारी आणायचे, चैत्रात एकवीरा देवीच्या यात्रेला दिवसाला पंधरा-पंधरा फेऱ्या व्हायच्या, इतकं मला माहीत होतं. एक फोटोही आहे. पांझरेचा पूल, टांगा, तरुण आबा. १९८३ साली घोडी गेली, टांगा विकला, आबा एका जिनिंगमध्ये वॉचमन म्हणून लागले. याच्या पुढे कुणी बोलत नसे. मोठी माय असतानाही नाही.

त्या रात्री झोप येईना म्हणून फोन घेऊन माशी शोधत बसले. हे लेखन तिथून सुरू झालं.

या माशांच्या कुळाला हिप्पोबॉसिडी म्हणतात. ग्रीकमध्ये हिप्पो म्हणजे घोडा आणि बॉस्को म्हणजे चरणं, पोसणं. घोड्यावर चरणारी. लिनियसनं १७५८ साली घोड्यावरच्या माशीला हिप्पोबॉस्का इक्विना असं नाव दिलं. पारव्यावरची माशी वेगळ्या जातीची, तिचं आजचं शास्त्रीय नाव स्यूडोलिंचिया कॅनारिएन्सिस, पण कूळ तेच. म्हणजे आबांची ओळख जातीपर्यंत नाही तरी कुळापर्यंत बरोबर होती. कुत्र्यावर वेगळी, उंटावर वेगळी, आपल्याकडच्या गाईबैलांवर आणि घोड्यांवर ठिपक्यांची वेगळी. मेंढीवरची तर इतकी घरकोंबडी झाली आहे की तिला पंखच उरलेले नाहीत. हरणांवरची एक जात पंख घेऊन जन्मते, हरीण सापडलं की पंख मोडून टाकते. परतीचं तिकीट फाडून टाकल्यासारखं.

शरीर चपटं आणि चिवट चामड्यासारखं, पायांना आकड्यासारखी नखं. केसांत आणि पिसांत पळायला हीच घडण लागते. नर-मादी दोघंही रक्तावर जगतात. पण मला थांबवलं ते तिच्या बाळंतपणानं. ही माशी शेकड्यांनी अंडी घालत नाही. एका वेळी एकच अळी, तीही पोटात वाढवते, आतल्या ग्रंथीतून दुधासारखा रस पाजते आणि पूर्ण वाढलेली अळी बाहेर सोडते. बाहेर पडल्या पडल्या ती कडक होऊन काळी पडते, कोष होतो. किड्यांच्या जगात इतकं लाडाचं मूल फार थोड्यांचं. आफ्रिकेतली कुप्रसिद्ध त्सेत्से माशी हिचीच चुलत बहीण, तिचंही बाळंतपण असंच.

पारव्याच्या माशीला विज्ञानाच्या इतिहासात एक बरी जागा आहे, आणि ती तिला उशिरा मिळाली. रोनाल्ड रॉस १८९८ साली कलकत्त्यात पक्ष्यांच्या मलेरियावर काम करत होता. पक्ष्यांच्या रक्तात त्याला दोन प्रकारचे जंतू दिसत. एक डासाच्या पोटात वाढला आणि रॉसला पुढे नोबेल मिळालं. दुसरा, ज्याला तेव्हा हॅल्टेरिडियम म्हणत, तो डासात काही केल्या वाढेना. वाढणार कसा? त्याचं वाहन डास नव्हतंच. १९०६ साली अल्जीरियात एडमंड आणि एतियन सर्जां या भावांनी दाखवलं की पारव्यांमधला हा जंतू ही चपटी माशी पसरवते. माशीच्या पोटात तो नेमका कसा वाढतो याचं काम हिंदुस्थानात हेलन एडी या बाईंनी केलं. १९१५ साली त्यांचा लेख इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये छापून आला. रॉसच्या नावाचे रस्ते आहेत, दवाखाने आहेत. हेलन एडींचं नाव मी त्या रात्रीपर्यंत ऐकलं नव्हतं.

सकाळी चहाच्या वेळी हे सगळं आबांना सांगितलं. माशी पोरगं पोटात वाढवते, हे ऐकून ते हसले. मग बराच वेळ कपात बघत राहिले आणि घोडीचं त्यांनी स्वतःहूनच काढलं.

घोडीचं नाव राणी. कुमैत रंगाची, १९७९ च्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घेतलेली. तापीकाठचा हा घोडेबाजार आता चेतक फेस्टिव्हल म्हणून इन्स्टाग्रामवर दिसतो, लाखालाखांच्या घोड्यांचे रील्स फिरतात. तेव्हा आबांनी मोठ्या मायच्या पाटल्या गहाण ठेवून घोडी आणली होती. चार वर्षं तिनं घर चालवलं. १९८३ च्या पावसाळ्यात तिला ताप यायला लागला. दोन दिवस यायचा, उतरायचा, आठवड्यानं परत. मागचे पाय सुजले, पोटाखाली सूज उतरली, डोळ्यांच्या आतली कातडी फिकी पिवळी झाली. आणि घोडी वाळायला लागली.

"पन खायची," आबा म्हणाले. मराठीत म्हणाले, कारण हे वाक्य त्यांनी बाहेरच्या माणसांसमोर खूप वेळा म्हटलेलं असणार. "हरभरा खायची, कोंडा खायची, कडबा खायची. पूर्ण खायची. तरी वाळायची."

टांगा स्टँडवर कुजबुज सुरू झाली की हा घोडीचा हरभरा विकतो. कुणी म्हणालं, पितो. आबा पीत नसत. मोठ्या मायचा भाऊ शिरपूरकडून आला आणि तीन दिवस राहिला. रोज संध्याकाळी घोडीला तोबरा लावायच्या वेळी तो ओट्यावर येऊन उभा राहायचा आणि हरभरा किती पडतो ते बघायचा. काही बोलायचा नाही. एका जनावरांच्या डॉक्टरनं ताकदीची बाटली दिली, ती पाजली. दसऱ्यानंतर घोडीचं मागचं अंग लटपटायला लागलं आणि एका पहाटे ती बसली ती उठलीच नाही. माझे वडील तेव्हा बारा वर्षांचे. शाळेत पोरं त्यांना म्हणाली, तुझ्या बापानं घोडी उपाशी मारली.

या काळात आबा रोज रात्री कंदील घेऊन घोडीच्या शेपटीखालच्या, मांड्यांमधल्या गोमाशा वेचत बसायचे. नखावर घेऊन मारायचे. आपण एवढं तरी करतोय, असं त्यांना वाटत असणार.

माझं पोट प्रॉडक्शनमधल्या बिघाडांवर चालतं. रात्री दोनला फोन येतो, सिस्टिम पडलेली असते, आणि सकाळी एक कागद लिहायचा असतो, मूळ कारण काय. त्या कागदाचा पहिला नियम असा की माणसाला दोष द्यायचा नाही, आधी लॉग बघायचे. आबांच्या बाबतीत चाळीस वर्षं उलटं झालं होतं. मी लक्षणं एकाखाली एक टाइप केली. येऊन-जाऊन ताप, पायांना आणि पोटाखाली सूज, फिकेपणा, मागच्या अंगाचा तोल जाणं. आणि भूक शाबूत असताना वाळणं. शेवटच्या लक्षणानं यादी एकदम आखूड झाली. पशुवैद्यकाच्या प्रत्येक पुस्तकात तोच आजार वर आला. सर्रा.

सर्रा हे नाव जगभर चालतं. फ्रेंच, स्पॅनिश, चिनी संशोधकसुद्धा 'सर्रा'च लिहितात. आणि शब्द कुठला? काही इंग्रजी शब्दकोश त्याचं मूळ मराठी 'सूर' असं देतात, नाकातून सुटणाऱ्या श्वासाचा आवाज. काहींच्या मते तो हिंदीतल्या 'सडा' म्हणजे कुजलेला यावरून आला. वाद भाषावाल्यांनी मिटवावा. मला एवढंच खटकलं की ज्या आजाराला आपल्या बाजूच्या भाषांनी नाव दिलं, त्याचं नाव १९८३ साली धुळ्यातल्या टांगेवाल्याकडे नव्हतं. तो त्याला 'आतला ताप' म्हणत होता.

नाव हरवलं कसं, हे बघायला शंभर वर्षं मागे जावं लागतं.

१८८० साली पंजाब सरकारनं ग्रिफिथ इव्हान्स नावाच्या वेल्श पशुवैद्याला डेरा इस्माईल खानला पाठवलं. सरहद्दीवर घोडे आणि उंट मरत होते. दुसरं अफगाण युद्ध चालू होतं आणि घोडे-उंट गेले की फौज जागच्या जागी बसत होती. इव्हान्स माणूस गमतीचा. तरुणपणी कॅनडात नोकरीला असताना अमेरिकेतलं यादवी युद्ध बघायला रजा काढून गेला आणि अब्राहम लिंकनला भेटून आला. तर या इव्हान्सनं आजारी घोड्याच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि त्याला तांबड्या पेशींना धक्के देत वळवळणारे जंतू दिसले. आजारी जनावराचं रक्त त्यानं निरोगी जनावरात टोचलं, तर तेही आजारी पडलं. आज हे वाचताना वाटतं, झालं की सिद्ध! पण तेव्हाच्या वरिष्ठ तज्ज्ञांनी मान हलवली. असे जंतू निरोगी उंदरांतही सापडतात, ते आजाराचं कारण असूच शकत नाहीत, असं त्यांचं मत पडलं. इव्हान्सची बदली झाली. तो शंभर वर्षं जगला, १८३५ ते १९३५, आणि आपलं बरोबर होतं हे जगानं मान्य केलेलं बघून गेला. ही सोय फार थोड्यांना मिळते.

पुढचा धागा थेट मुंबईत येतो. जॉन हेन्री स्टील यानं १८८५ साली ब्रह्मदेशात फौजेच्या खेचरांमध्ये हाच जंतू पाहिला आणि त्याला इव्हान्सचं नाव दिलं. आज आपण त्याला ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय म्हणतो ते त्यावरून. दुसऱ्याच वर्षी, १८८६ मध्ये, परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आणि हाच स्टील त्याचा पहिला प्राचार्य झाला.

त्यानंतर पुणे. ९ डिसेंबर १८८९ रोजी इंपीरियल बॅक्टेरियॉलॉजिकल लॅबोरेटरी पुण्यात सुरू झाली, कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात. हे कॉलेज ऑफ सायन्स म्हणजे आजचं सीओईपी. माझा तिथला प्रवेश थोडक्यात हुकला आणि मी धुळ्यातच इंजिनिअरिंग केलं, त्यामुळे त्या इमारतीबद्दल माझ्या मनात एक जुना सल आहे. आता त्यात भर पडली. संगमपुलावरून ऑफिसला जाताना दहा वेळा ती दगडी इमारत पाहिली असेन. तिथे आल्फ्रेड लिंगार्ड नावाचा गृहस्थ जनावरांच्या रोगांवर काम करायचा, आणि त्याच्या कामातला मोठा हिस्सा होता घोड्यांचा सर्रा. १८९३ साली त्याचा या विषयावरचा अहवाल मुंबईत सरकारी छापखान्यात छापला गेला. त्याच वर्षी प्रयोगशाळा कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलली. साथीचे जंतू भर वस्तीत वाढवणं बरं नव्हे, हे कुणाच्या तरी लक्षात आलं असावं. पुढे तिचीच भारतीय पशुचिकित्सा अनुसंधान संस्था झाली.

लिंगार्डचा संशय पाण्यावर, ओल्या गवतावर, उंदरांनी घाण केलेल्या दाण्यांवर होता. सरहद्दीवरचे उंटवाले मात्र चावऱ्या माशांकडे बोट दाखवत. दरम्यान १८९५ साली आफ्रिकेत झुलूलँडमध्ये डेव्हिड ब्रूसनं त्सेत्से माशी जनावरांमध्ये असाच जंतू पसरवते हे दाखवलं. मग इथेही माशीला गांभीर्यानं घेणं भाग पडलं. मुक्तेश्वरला लिंगार्डच्या जागी काही काळ काम केलेल्या लेनर्ड रॉजर्सनं घोडमाशा धरल्या, आजारी जनावराला चावायला लावल्या आणि लगेच निरोगी जनावरावर सोडल्या. आजार पसरला. मग त्यानं माशांना मध्ये वेळ जाऊ दिला आणि नंतर चावू दिलं. आजार पसरला नाही. हा निबंध १९०१ सालचा.

या साध्या प्रयोगात सगळं आहे. त्सेत्सेमध्ये जंतू मुरतो, वाढतो, रूप बदलतो. सर्र्यात तसं काही नाही. घोडमाशी म्हणजे टॅबॅनस, ती मोठी, भुंग्यासारखा आवाज करणारी. तिची मादी कातडी सुरीसारखी कापते. दुखतं. घोडा कातडी थरथरवतो, शेपूट मारतो, माशी अर्ध्या जेवणातून उठते आणि शेजारच्या जनावरावर जाऊन बसते. तोंड अजून ओलं असतं. त्या ओलाव्यातून जंतू जातो. माशी इथे फक्त न धुतलेली सुई आहे.

जंतूचीही गंमत आहे. अभ्यासक मानतात की हा मुळात आफ्रिकेतल्या त्सेत्सेवाल्या जंतूचाच फाटा. माशीच्या पोटात जगायला लागणारी जनुकीय सामग्री त्यानं वाटेत गमावली. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड फोर्क झाला आणि एक डिपेंडन्सी कायमची काढून टाकली. त्सेत्से लागेनाशी झाली, तेव्हा जगातली कुठलीही चावरी माशी चालायला लागली. उंटांबरोबर तो आफ्रिकेबाहेर पडला. रक्तात तो सतत अंगावरचं आवरण बदलत राहतो. शरीरानं एक रूप ओळखून मारलं की दुसरं रूप वर येतं. ताप उतरून आठवड्यानं परत येतो तो यामुळे.

आता आबांच्या गोमाशीचं काय? आमच्या घरात गोमाशी हा एकच शब्द दोघींना आहे, चिकटून राहणाऱ्या चपट्या माशीला आणि भोसकून पळणाऱ्या मोठ्या माशीलाही. आबा रोज रात्री कंदिलाच्या उजेडात मारायचे ती चपटी, हिप्पोबॉस्का. तिच्यावरही सर्र्याचा संशय वेळोवेळी घेतला गेला आहे, आणि ती अगदी निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. पण मुख्य काम घोडमाशीचं, आणि गोठ्यात डसणाऱ्या लहान तबेलामाशीचं. या दोघी दिवसा येतात, चावतात, जातात. रात्री वेचायला उरते ती फक्त घर करून राहणारी. आबांनी दोन महिने चुकीचा आरोपी पकडला होता.

टांग्याच्या ओट्याला लागून एका गवळ्याचा गोठा होता, आठ-दहा म्हशींचा. म्हशींना आणि गाईबैलांना सर्रा होतो, पण पुष्कळदा कळत नाही. जंतू अंगात बाळगून त्या रवंथ करत उभ्या असतात. घोडा मात्र खचतो. उंटही. कुत्राही. वाघसुद्धा सुटत नाही. जुलै २००० मध्ये ओडिशातल्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात बारा वाघ मेले, कारण हाच जंतू.

मग १८८० पासून जे कळत गेलं ते १९८३ पर्यंत देवपूरला का पोचलं नाही? मला वाटतं, माहिती ज्या जनावरासाठी गोळा झाली त्याच्याबरोबरच ती राहिली. इव्हान्स सरहद्दीवर गेला, कारण तिथे फौज होती. स्टीलची खेचरं फौजेची. पुण्यातही घोड्यांचा सर्रा आधी आला, कारण घोडा पलटणीचा. टांग्याचा घोडा कुणाच्या वहीत नव्हता. हे मी संतापून लिहीत नाही, किंवा थोडी संतापून लिहीत असेन. इलाज होता, ही त्यातली बोचणारी गोष्ट. सुरामिन हे औषध १९२० च्या दशकापासून वापरात आहे, घोड्यांसाठी नंतर आणखी औषधं आली. निदानासाठी तर तापाच्या दिवशी घेतलेला रक्ताचा एक थेंब, काचपट्टी आणि सूक्ष्मदर्शक. इव्हान्सनं तंबूत बसून केलं तेवढंच.

माणसाला हा आजार होत नाही, असं विसावं शतकभर पुस्तकात छापलेलं होतं. आपल्या रक्तात एक प्रथिन आहे, अपोएल-वन. या जंतूला ते आतून फोडतं. घोड्याच्या रक्तात ते नाही. त्यामुळे सर्रा हा जनावरांच्या डॉक्टरांचा विषय आणि झोपेचा आजार आफ्रिकेचा विषय, अशी वाटणी ठरलेली होती.

ऑक्टोबर २००४ मध्ये ही वाटणी चंद्रपूर जिल्ह्यात मोडली. सिवनी गावचा एक शेतकरी, वय पंचेचाळीस. ताप यायचा, जायचा, परत यायचा. पाच महिने असं चाललं. त्याच्या रक्ताच्या पट्टीत वळवळणारे ट्रिपॅनोसोम दिसले. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. प्रशांत जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही केस पुढे नेली. जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञ आले. हा आफ्रिकेतला झोपेचा आजार नव्हता, जंतू होता ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय. सर्रा. माणसात याची अशी पक्की नोंद जगात पहिल्यांदा झाली, आणि ती झाली विदर्भातल्या एका शेतकऱ्याच्या नावावर, ज्याचं नाव निबंधात नाही आणि नसावंच. त्याला सुरामिन दिलं. तेच शंभरीला टेकलेलं औषध, जागतिक आरोग्य संघटनेमार्फत आणवलेलं. तो बरा झाला.

मग प्रश्न उरला, यालाच का? त्याच्या रक्ताचा अभ्यास ब्रुसेल्सच्या प्रयोगशाळेत झाला आणि २००६ साली उत्तर छापून आलं. अपोएल-वनच्या जनुकाच्या त्याच्याकडच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या. आईकडून आलेली आणि वडिलांकडून आलेलीही. ते प्रथिन त्याच्या रक्तात नव्हतंच. या एका बाबतीत त्याचं रक्त घोड्याच्या रक्तासारखं होतं. गावातल्या १,८०६ लोकांची तपासणी झाली. काही जणांच्या रक्तात जंतूशी गाठ पडल्याच्या खुणा मिळाल्या, पण जंतू एकाच्याही रक्तात सापडला नाही. म्हणजे माशा चावत होत्या, जंतू टोचलाही जात असावा, आणि बाकीच्यांचं रक्त त्याला निमूटपणे संपवत होतं. इथे गोष्ट सुखानं मिटली असती. पण २०१५ साली व्हिएतनाममध्ये एका बाईला हाच आजार झाला आणि तिचं अपोएल-वन धडधाकट निघालं.

मी हे वाचत होते तेव्हा मला सतत एक गोष्ट दिसत होती. त्या शेतकऱ्याला पाच महिने ताप येत होता. त्याच्या घरीही कुणीतरी म्हणालं असेल, खातो तर सगळं, मग असा का दिसतो.

भाऊबीजेच्या दिवशी दुपारी लॅपटॉप घेऊन आबांसमोर बसले. लक्षणांची यादी मराठी करून वाचून दाखवली. एकेका लक्षणाला ते मान हलवत होते. "खाणं चालू असतं, तरी जनावर वाळत जातं," हे वाचलं तेव्हा त्यांनी परत वाचायला सांगितलं. परत वाचलं. मी त्यांना हेही सांगितलं की राणीला सर्राच झाला होता असं आता कुणी सिद्ध करू शकणार नाही. रक्त कुणी तपासलं नव्हतं. पण या यादीत उपासमार कुठेच बसत नाही.

"हाई कोनी लिखेल शे?" त्यांनी विचारलं.

इंग्रज डॉक्टरांनी, मी म्हणाले. एकशेतीस-एकशेचाळीस वर्षांपूर्वी.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मंग माहीत व्हतं त्यासले."

संध्याकाळी त्यांनी मला शिरपूरला फोन लावायला सांगितला. मोठ्या मायचे भाऊ, माझे मामाआजोबा, अजून आहेत. कानाला कमी येतं. स्पीकरवर टाकून मी मोठ्यानं सांगायला सुरुवात केली. राणी, सर्रा, घोडमाशी, हरभऱ्याचा दोष नव्हता. पलीकडे टीव्ही चालू होता. दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं.

"कोनती घोडी?" मामाआजोबा म्हणाले.

मी आबांकडे बघितलं. त्यांनी हात पुढे करून फोन घेतला, कानाला लावला आणि यंदा कापसाला काय भाव मिळाला ते विचारलं.